दसऱ्याआधी अर्ज पूर्ण: एका शिष्यवृत्ती कक्षाच्या प्रकल्प नोंदी (२०२५-२६)

१६ जून २०२५

महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती कक्षाचे काम या वर्षी माझ्याकडे आले असून पहिल्या दिवसापासून त्याच्या नोंदी ठेवण्याचे मी ठरवले आहे. आमचे महाविद्यालय बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात आहे. कला, वाणिज्य आणि विज्ञान या तिन्ही शाखांतील पुष्कळ विद्यार्थ्यांचे आईवडील दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी कोल्हापूर, सांगली, बेळगाव, बागलकोट या भागांत जातात आणि उन्हाळ्यात परततात. शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत बहुधा ते गेल्यानंतर संपते, कधी वाढवूनही मिळते, आणि त्यामुळे ‘अजून वेळ आहे’ ही समजूत विद्यार्थ्यांत आणि आमच्या कार्यालयातही पक्की बसलेली आहे.

गेल्या वर्षी त्रुटीसाठी परत आलेले अर्ज मी तीन दिवस बसून वाचले. गुण कमी पडले म्हणून किंवा पात्रता नाही म्हणून परत आलेले अर्ज फारच थोडे निघाले. बाकीच्या अर्जांत उत्पन्नाचा दाखला मुदत संपलेला होता, आधारवरील नाव आणि गुणपत्रिकेवरील नाव जुळत नव्हते, बँक खाते आधारशी संलग्न नव्हते किंवा पालकाची सही असलेले घोषणापत्र जोडलेले नव्हते. यांतील प्रत्येक त्रुटी दूर करायला वडिलांची सही, वडिलांच्या मोबाईलवर येणारा ओटीपी किंवा वडिलांची तहसील कार्यालयातील फेरी आवश्यक होती, आणि आम्ही त्या गोष्टी मागितल्या तेव्हा वडील तीनशे किलोमीटरवरच्या उसाच्या फडात होते. संकेतस्थळाची मुदत कोणतीही असो, आमची खरी मुदत दसरा आहे. या वर्षी दसरा २ ऑक्टोबरला येतो. त्या दिवसापर्यंत पालकांवर अवलंबून असलेले एकही काम शिल्लक राहू नये, एवढे एकच उद्दिष्ट आज लिहून ठेवले.

कामाला दोन प्राध्यापक, कार्यालयातील शिष्यवृत्ती पाहणारे लिपिक आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे सहा स्वयंसेवक मिळाले आहेत.

२३ जून

प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक जाड कागदी पत्रक तयार केले. त्यावर कागदपत्रांची यादी आहेच. शिवाय प्रत्येक कागदापुढे तीन रकाने आहेत: कागद हातात आहे का, त्यावरील नाव जसेच्या तसे काय आहे, आणि तो कोणत्या तारखेपर्यंत चालतो. ‘आहे’ आणि ‘चालतो’ या दोन गोष्टींची गल्लत हेच गेल्या वर्षीच्या बऱ्याच त्रुटींचे मूळ होते. विद्यार्थी खरेपणाने ‘आहे’ म्हणत होते आणि आम्ही ते टिपून पुढे जात होतो.

यादीत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, लागू असेल तिथे नॉन-क्रिमीलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र, चालू वर्षाच्या शुल्काची पावती, शिक्षणात खंड असल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र आणि बँक पासबुकाचे पहिले पान एवढे आहे. वसतिगृहात राहणाऱ्यांना तिथला दाखलाही लागतो. ही यादी फलकावर लावून भागत नाही असा आजवरचा अनुभव आहे, म्हणून पत्रक भरताना विद्यार्थ्याने मूळ कागद समोर ठेवायचा आणि स्वयंसेवकाने तो डोळ्यांनी वाचूनच रकाना भरायचा, असा नियम केला.

५ जुलै

नावांचा प्रश्न अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. पत्रके भरून झालेल्या विद्यार्थ्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या कागदांत नाव कुठे ना कुठे वेगळे आहे. कुणाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी आहे, कुणाच्या वडिलांचे नाव एका कागदावर ‘ज्ञानोबा’ आणि दुसऱ्यावर ‘ज्ञानदेव’ आहे, आणि इंग्रजी स्पेलिंगमधील एखाद्या अक्षराचा फरक तर सर्रास आढळतो. लग्न झालेल्या दोन विद्यार्थिनींच्या आधारवर सासरचे नाव आले आहे आणि शिक्षणाची सगळी कागदपत्रे माहेरच्या नावाची आहेत.

कोणता कागद दुरुस्त करायचा हे ठरवताना घाई करू नये. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. म्हणून दुकानात बसून अंदाजाने केलेली दुरुस्ती चुकली तर पुढे वाट अरुंद होते. आम्ही ठरवले की दहावीची गुणपत्रिका हा आधारकागद मानायचा आणि बाकीचे कागद तिच्याशी जुळवून घ्यायचे. गुणपत्रिकेतच चूक असेल तर मात्र शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जावे लागते आणि त्याला वेळ लागतो, म्हणून अशी प्रकरणे वेगळी काढून आजच संबंधित शाळांना पत्रे दिली. विवाहित विद्यार्थिनींपैकी एकीने सासरचे नाव कायम ठेवायचे ठरवले आहे. तिला विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्रातील नावबदलाची नोंद ही दोन्ही लागतील. दुसरीने पदवी पूर्ण होईपर्यंत माहेरचेच नाव ठेवायचे म्हटले. हा निर्णय त्यांचा आहे आणि त्यात आम्ही मत दिले नाही.

१२ जुलै

प्रथम वर्षाचे प्रवेश अजून सुरू आहेत. नव्या विद्यार्थ्यांना प्रवेशाच्या दिवशीच पत्रक द्यायला सुरुवात केली. पालक त्या दिवशी सोबत असतात, हा फायदा आजवर आमच्या लक्षातच आला नव्हता.

२१ जुलै

आजची नोंद उत्पन्नाच्या दाखल्याविषयी आहे आणि ती लांबेल, कारण सर्वांत जास्त अर्ज याच एका कागदावर अडतात.

पहिली गोष्ट मुदतीची. दाखल्यावर तो कोणत्या ३१ मार्चपर्यंत वैध आहे हे छापलेले असते. बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षांसाठी म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत काढलेला दाखला जूनमध्ये विद्यार्थ्याला नवाच वाटतो. पण आर्थिक वर्ष उलटलेले असते आणि तो दाखला निकामी झालेला असतो. आमच्या पत्रकातील तिसरा रकाना भरताना अशी बावीस प्रकरणे सापडली.

दुसरी गोष्ट रकमेची. अनुसूचित जाती आणि जमातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला आठ लाख आहे आणि केंद्राच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीच्या गुणवत्ता शिष्यवृत्तीला साडेचार लाख आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेक जण या सगळ्या मर्यादांच्या आत असतात, पण त्यांचे उत्पन्न कागदावर मांडणे अवघड असते. ऊसतोडीला जाणारे जोडपे म्हणजे एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराकडून, त्यांना उचल मिळते आणि पुढचे सहा महिने ती टनाच्या हिशेबाने फिटत राहते. मग उत्पन्न कोणते धरायचे: हातात आलेली उचल, तोडलेल्या टनांची मजुरी, की खाडे वजा जाऊन उरलेली रक्कम? पावसाळ्यात दीड एकर कोरडवाहू रानात निघणारी बाजरी आणि कापूस यांचे काय? एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी उचलीचा पूर्ण आकडा आणि मजुरी असे दोन्ही सांगितल्यामुळे एकच रक्कम दोनदा मोजली गेली आणि दाखल्यावर उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेले. त्या मुलाची गेल्या वर्षीची शिष्यवृत्ती एवढ्याच कारणाने गेली, आणि वडील अजून म्हणतात की मी तर खरे तेच सांगितले होते.

उत्पन्न कमी लिहून घ्या, असे आम्ही कुणालाही सांगणार नाही आणि सांगितलेलेही नाही. खोटा दाखला हा गुन्हा आहे आणि त्याने ज्याला खरी गरज आहे त्याची जागा जाते. परंतु उचल ही मजुरीतूनच कापली जाणारी आगाऊ रक्कम आहे, ती निराळी मिळकत नव्हे, ही गोष्ट स्वयंघोषणापत्रात स्पष्ट शब्दांत लिहायला आम्ही पालकांना मदत करत आहोत. त्यासाठी एक साधा तक्ता केला आहे: शेतीतील निव्वळ उत्पन्न, हंगामातील एकूण मजुरी, गावी असताना केलेली रोजंदारी. तक्त्याखाली पालकाची सही. हा तक्ता, सातबारा आणि आठ-अ सोबत घेऊन गेल्यावर ग्राम महसूल अधिकाऱ्यांना, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्यांना, अहवाल लिहिणे सोपे जाते.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार या दाखल्यासाठी दिवसांची मर्यादा ठरवून दिलेली आहे आणि अर्जाची पोच जपून ठेवली तर विलंबाविरुद्ध अपील करता येते. पोच न घेता सेतू केंद्रातून परतणारे विद्यार्थी फार आहेत. याच वर्षीच्या मार्चमध्ये राज्य शासनाने अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांसाठीचे पाचशे रुपयांचे मुद्रांक शुल्क माफ केल्याचे जाहीर केले, तरी मुद्रांकासाठी पैसे घेऊन निघालेले तीन पालक आज भेटले. त्यांना साध्या कागदावरचा नमुना दिला.

४ ऑगस्ट

बँक खात्यांची तपासणी सुरू केली. ‘खाते आधारला लिंक आहे’ असे सगळेच सांगतात, पण बँकेच्या नोंदीत आधार क्रमांक असणे आणि थेट लाभ हस्तांतरणासाठी तेच खाते आधारशी संलग्न असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शासनाचा पैसा खाते क्रमांक पाहून जात नाही. राष्ट्रीय देयक महामंडळाच्या नोंदीत त्या आधार क्रमांकापुढे शेवटी जे खाते जोडले गेले असेल तिकडे तो जातो. एका विद्यार्थिनीने अर्जात लिहिलेले खाते राष्ट्रीयीकृत बँकेचे होते. पण मोबाईलचे सिमकार्ड घेताना तिच्या नकळत उघडलेल्या दुसऱ्याच खात्याला तिचे आधार जोडले गेले होते आणि गेल्या वर्षीचा पहिला हप्ता तिथे पडून होता. आपली शिष्यवृत्ती आलीच नाही, असे ती वर्षभर समजत होती.

आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर बँक संलग्नतेची स्थिती पाहता येते. आजपासून प्रत्येक विद्यार्थ्याची ही स्थिती पाहून तिची छापील प्रत पत्रकाला जोडायची आहे. दोन वर्षे व्यवहार न झालेली खाती बँक निष्क्रिय ठरवते, म्हणून जुन्या खात्यांत दहा-वीस रुपये तरी भरून घ्यायचे. शाळेत असताना उघडलेली छोटी खाती असतील तर त्यांत वर्षाला एक लाखाहून जास्त रक्कम जमा होत नाही आणि शिल्लकही पन्नास हजारांपुढे नेता येत नाही. ती पूर्ण केवायसी करून नियमित करून घ्यावी लागतील.

१८ ऑगस्ट

कोणी कोणत्या योजनेला अर्ज करायचा, याची बैठक झाली. इथे विद्यार्थ्यांचा कल ‘दिसेल तिथे अर्ज करावा’ असा असतो. त्यांची अडचण समजते, पण तसे करून चालत नाही. केंद्राची गुणवत्ता शिष्यवृत्ती बारावीला आपल्या मंडळात, आपल्या शाखेत ऐंशीच्या वरच्या शतमकात (पर्सेंटाइलमध्ये) असलेल्यांना मिळते. देशभरात दरवर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात, त्यांतील निम्म्या मुलींसाठी आहेत, आणि पदवीच्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. मात्र ती घेणाऱ्याला दुसरी शिष्यवृत्ती किंवा शुल्कमाफी घेता येत नाही. ज्या मुलीला राज्याच्या योजनेतून शुल्क आणि निर्वाह भत्ता दोन्ही मिळणार आहेत तिने बारा हजारांसाठी ते सोडायचे का, हा हिशेब शाखेगणिक आणि मुलीगणिक वेगळा येतो. विज्ञानाच्या विनाअनुदानित तुकडीत शुल्क जास्त आहे, कला शाखेत नाममात्र आहे. म्हणून प्रत्येकाचा हिशेब कागदावर मांडूनच निर्णय घेतला. शिवाय या शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणासाठी दरवर्षी किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के उपस्थिती लागते. आईवडील गेल्यावर धाकट्या भावंडांसाठी घरी राहणाऱ्या मुलींच्या दृष्टीने उपस्थितीची अट गुणांच्या अटीपेक्षा कठीण आहे. हे त्यांना आत्ताच सांगितले पाहिजे.

अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचे अर्ज वेगळे काढले. १९१३ साली बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, हे बैठकीत एका विद्यार्थ्यानेच सांगितले आणि त्यानंतर खोलीत काही वेळ कोणी बोलले नाही.

१ सप्टेंबर

शासकीय अर्जांत निबंध नसतो. खासगी न्यासांच्या आणि प्रतिष्ठानांच्या शिष्यवृत्त्यांना मात्र निवेदन लागते, आणि आमचे विद्यार्थी तिथेच मागे पडतात. आज एका न्यासासाठी आलेली नऊ निवेदने वाचली. नऊपैकी सात निवेदनांची सुरुवात ‘माझी घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची आहे’ या वाक्याने होते आणि शेवट ‘तरी मला शिष्यवृत्ती मंजूर करावी ही नम्र विनंती’ असा होतो. मधल्या मजकुरात कष्ट, जिद्द, स्वप्न हे शब्द आहेत, पण लिहिणारा विद्यार्थी कोण आहे हे कळत नाही. ही मुले खोटे लिहीत नाहीत. त्यांना अर्ज म्हटला की विनंती अर्ज एवढेच ठाऊक आहे, कारण शाळेत आम्ही तेवढेच शिकवले.

द्वितीय वर्ष विज्ञान शाखेतील एका विद्यार्थिनीचे निवेदन घेऊन तिच्याशी तासभर बोललो. तिला संख्याशास्त्रात पुढे जायचे आहे. का, असे विचारले तर ‘आवड आहे’ एवढेच तिने सांगितले. ही आवड केव्हा लागली, असे विचारल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘सर, ते लिहिण्यासारखं नाही.’ सातवीपासून ती आईवडिलांच्या खेपांच्या चिठ्ठ्या सांभाळते. प्रत्येक खेपेचे वजन ती वहीत उतरवते, खाड्यांचे दिवस वेगळे मांडते, आणि हंगाम संपला की मुकादमाच्या हिशेबाशी आपली वही ताडून पाहते. नववीत असताना तिला दोन्ही हिशेबांत अकरा टनांचा फरक सापडला, तिने चिठ्ठ्या दाखवल्या आणि मजुरी वाढवून मिळाली. तेव्हापासून टोळीतील आणखी चार कोयत्यांचे हिशेब तिच्याकडे असतात.

हेच लिहून आण, असे तिला सांगितले.

१० सप्टेंबर

तिचा दुसरा मसुदा आला. वहीची गोष्ट आली आहे, पण तिच्याभोवती पुन्हा ‘संघर्ष’, ‘खडतर प्रवास’ असे शब्द येऊन बसले आहेत. आम्ही दोघांनी मिळून प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न लिहिला: हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या निवेदनात जसेच्या तसे चालेल का? चालत असेल तर ते काढायचे. साडेपाचशे शब्दांचे दोनशे ऐंशी उरले. मग मोकळ्या जागेत तिने वहीतील रकाने कोणते होते, वजनातील चूक तिने कशी पडताळली, पहिल्या वर्षी सरासरी आणि विचलन शिकताना तिने त्याच वहीतील आकडे वापरून काय पाहिले, आणि मिळालेल्या रकमेचे ती नेमके काय करणार हे लिहिले. खर्चाच्या भागात आधी ‘शैक्षणिक साहित्यासाठी’ असे होते. आता खोलीभाडे, खाणावळ, पुस्तके आणि पदव्युत्तर प्रवेश परीक्षांचे शुल्क अशी चार कलमे आहेत आणि प्रत्येकापुढे आकडा आहे. आकडे तिने चार ठिकाणी विचारून आणले.

माझ्याकडून एकही वाक्य लिहून द्यायचे नाही, असे मी ठरवले होते आणि ते पाळले. मोह बराच झाला. शिक्षकाने लिहिलेले निवेदन मुलाखतीत उघडे पडते, पण मुख्य कारण ते नाही. आपल्या आयुष्यातील कोणती गोष्ट सांगण्याजोगी आहे हे ओळखण्याचा हक्क त्या मुलीचा आहे.

१५ सप्टेंबर

शिफारसपत्रे. गेल्या तीन वर्षांत मी दिलेल्या शिफारसपत्रांच्या प्रती संगणकात आहेत. त्या काढून वाचल्या आणि वाईट वाटले. नाव बदलले की सगळी पत्रे एकच आहेत: हुशार, मेहनती, शिस्तप्रिय, उत्तम चारित्र्य. मुलांना जे करू नका असे सांगत होतो तेच मी करत आलो होतो, आणि त्याची किंमत त्यांनी मोजली असेल. आता सहकाऱ्यांसाठी अर्ध्या पानाचे टिपण केले: विद्यार्थ्याला किती काळ आणि कोणत्या विषयात ओळखता, त्याने केलेले असे एक काम सांगा जे तुम्ही स्वतः पाहिले आहे, आणि वर्गातील इतरांच्या तुलनेत तो कुठे बसतो ते प्रामाणिकपणे लिहा. पत्र मागणाऱ्यानेही किमान तीन आठवडे आधी, आपले निवेदन आणि गुणपत्रिका सोबत देऊनच मागायचे.

२४ सप्टेंबर

चार दिवसांपासून मराठवाड्यात अतिवृष्टी आहे. नदीकाठच्या गावांत पाणी शिरले असून महाविद्यालयात हजेरी नाही. आमच्या दोन विद्यार्थ्यांच्या घरात पाणी गेले आणि कागदपत्रांची पेटी भिजली. त्यांची माणसे सुखरूप आहेत. पत्रकासोबत सर्व कागद स्कॅन करून ठेवले असल्याने अर्जाचे काम थांबणार नाही. डिजिलॉकरमध्ये आधार आणि मंडळाच्या गुणपत्रिका मिळतील, बाकीच्या मूळ प्रती नंतर काढता येतील. पण ज्या घरातील कापूस आणि सोयाबीन पाण्याखाली आहे त्या घरी आज फोन करून सहीबद्दल विचारणे मला जमले नाही. चार दिवस थांबायचे ठरवले.

३० सप्टेंबर

दोन दिवस कक्ष सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत उघडा होता. पीक गेल्याने काही टोळ्या या वर्षी लवकर निघणार आहेत, असे पालकांकडून कळले. महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर नोंदणीसाठी आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो आणि तो क्रमांक बहुधा वडिलांचा असतो. फडात नेटवर्क नसते आणि ओटीपी काही मिनिटांत बाद होतो. ज्यांना शक्य होते त्यांच्या आधारला या महिन्यात त्यांचा स्वतःचा क्रमांक जोडून घेतला. उरलेल्या चौदा जणांचे वडील आज आणि काल स्वतः येऊन बसले. राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळाच्या एकवेळ नोंदणीत चेहऱ्याची पडताळणी असते, ती विद्यार्थ्याचीच असल्याने अडचण आली नाही.

एका वडिलांनी विचारले, ‘गुरुजी, आता परत बोलवायचं काम नाही ना?’ त्यांचे पत्रक पुन्हा एकदा वरून खाली वाचले आणि मगच ‘नाही’ म्हटले.

१३ ऑक्टोबर

पालकांवर अवलंबून असलेली कामे: दोन वगळता सर्व पूर्ण. दोन्ही गुणपत्रिकेतील नावाची प्रकरणे आहेत आणि मंडळाकडून उत्तर यायचे आहे. दाखले संकेतस्थळाला चालतील अशा २५६ केबीच्या आत बसवताना दाखल्यावरील बारकोड पुसट होऊ नये, याची काळजी स्वयंसेवक घेत आहेत. मोबाईलने काढलेल्या तिरक्या छायाचित्रांऐवजी ग्रंथालयातील स्कॅनर वापरला जात आहे.

६ नोव्हेंबर

महाविद्यालयाच्या स्तरावरील छाननीत आम्हीच सात अर्ज परत पाठवले. आपल्या त्रुटी आपल्या लिपिकाच्या लॉगिनमध्येच सापडणे चांगले, कारण अर्ज प्राचार्यांच्या मान्यतेनंतर विभागाकडे गेला आणि तिथून परत आला की आठवडे जातात. सातपैकी पाच जणांनी मागील वर्षाच्या निकालात अनुत्तीर्ण विषयाची नोंद चुकीची केली होती. पाचही अर्ज त्याच दिवशी दुरुस्त झाले. उरलेल्या दोघांची शुल्काची पावती आणि अर्जातील रक्कम जुळत नव्हती, आणि ही चूक आमच्या कार्यालयाची होती. सुधारित पावत्या दिल्या आणि विद्यार्थ्यांची क्षमा मागितली.

२४ नोव्हेंबर

न्यासाच्या दूरस्थ मुलाखतीसाठी संख्याशास्त्राच्या विद्यार्थिनीला बोलावणे आले. ग्रंथालयाची मागची खोली तिला मोकळी करून दिली. सराव म्हणून दोन दिवस आम्ही तिला तिच्याच निवेदनावर प्रश्न विचारले. पाठ केलेली उत्तरे येऊ लागली तेव्हा सराव थांबवला. मुलाखत पंचवीस मिनिटे चालली. बाहेर आल्यावर ती म्हणाली की त्यांनी घरच्या परिस्थितीबद्दल एकच प्रश्न विचारला आणि बाकी सगळा वेळ वहीबद्दल विचारत होते. अकरा टनांचा फरक वजनकाट्याचा होता की लिहिण्यातला, हे तू कसे ठरवलेस, असा प्रश्न आला तेव्हा तिने कॅमेऱ्यासमोर वहीच उघडून धरली.

१५ डिसेंबर

न्यासाचे उत्तर अजून आलेले नाही. महाडीबीटीवरील आमचे बहुतेक अर्ज विभागाच्या छाननीत आहेत. त्रुटीसाठी परत आलेल्यांची संख्या आजपर्यंत चार आहे आणि चारही विद्यार्थ्यांना ज्या दिवशी कळले त्याच दिवशी कागद जोडता आले, कारण कागद पत्रकाला लावलेले होते. मंडळाकडील दोन प्रकरणांपैकी एकाची दुरुस्त गुणपत्रिका आली. दुसऱ्या विद्यार्थ्याचा अर्ज हमीपत्रासह पाठवला आहे आणि त्याच्याबद्दल मला खात्री नाही.

आज संध्याकाळी बागलकोटकडून एका पालकाचा फोन आला. फडातून गावात बाजाराला आले होते आणि तिथे नेटवर्क मिळाले म्हणून विचारत होते की मुलाचे काही राहिले आहे का. त्याचे पत्रक काढून पाहिले. काही राहिलेले नव्हते. मुलाच्या खात्याची आधार-संलग्नता जानेवारीत पुन्हा एकदा तपासायची आहे, तेवढे कोपऱ्यात लिहून ठेवले.